नाकामुळे फोटोत यायची लाज वाटते. सीबीटीचा खरंच उपयोग होतो, की सरळ ऑपरेशन करून घेऊ?

चुलत बहिणीच्या लग्नात फोटोची वेळ आली आणि तुम्ही वाढायला पंगतीत पळालात, हे वाचून हसू आलं. कारण हेच धंदे मी केलेत. माझं दुखणं केसांचं. पुढून विरळ होते, अजूनही आहेत. तीन वर्षं बारा महिने टोपी. निघताना बाथरूमचा आरसा, मग लिफ्टचा, मग स्कूटरचा, ऑफिसात मोबाइलचा पुढचा कॅमेरा.

सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, तिचा मला उपयोग झाला. पण मला वाटलं होतं तसा नाही. थेरपिस्ट मॅडम ‘तुम्ही छान दिसता’ हे पटवून देतील अशी माझी समजूत होती. त्यांनी केसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. पहिला आठवडा नुसतं मोजायचं. आरसा पाहिला की वहीत एक रेघ. बायकोला ‘फार दिसतंय का गं?’ विचारलं तरी रेघ. मंगळवारी त्रेचाळीस भरल्या!

आरसा बघणं म्हणजे खरूज खाजवणं. दहा मिनिटं बरं वाटतं, मग जास्त सुटते. आणि वीतभर अंतरावरून बघितलं तर कुणाचंही नाक डोंगराएवढंच दिसणार.

मग प्रयोग सुरू झाले. भीती आधी कागदावर उतरवायची: ‘टोपीशिवाय टपरीवर गेलो तर दहातले आठ जण डोक्याकडे बघतील.’ मग जाऊन खरंच मोजायचं. हातात कटिंग, तळव्यांना घाम. एका आजोबांनी रोखून पाहिलं. ते माझ्या मागून येणाऱ्या बसची पाटी वाचत होते.

बोलणाऱ्यांची तोंडं मात्र सीबीटीने बंद होत नाहीत. मावशी भर कार्यक्रमात म्हणालीच, ‘काय रे, टक्कल पडलं की!’ त्या दिवशी टोपी परत चढली. दोन दिवसांनी उतरवली.

ऑपरेशनचं इतक्यात ठरवू नका. इतरांना जेमतेम दिसणाऱ्या दोषापायी दिवसाचे तासन्‌तास जात असतील, तर त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. सोशल मीडियाचं खूळ नव्हे हे. एनरिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्येच त्याचं वर्णन केलंय. आता तो ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, गटात धरतात. यात ऑपरेशन करूनही सहसा समाधान होत नाही, नाकावरची नजर हनुवटीवर जाते. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. गरज असेल तर ते गोळ्याही देतील. थेरपिस्ट निवडताना ‘एक्स्पोजर करून घेता का?’ हे स्पष्ट विचारा, म्हणजे ज्याची भीती वाटते तेच करून बघायला लावणं, माझ्या टपरीसारखं. नुसत्या गप्पांनी माझं तरी एक वर्ष वाया गेलं.

आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.