तीळ बंद करू नकोस

अगं पोरी,

पाळी जायच्या काळात अंगातून गरम वाफा येतात म्हणणाऱ्या 47 वर्षांच्या त्या बाईंना तू दिलेला आहारतक्ता पाहिला. सोयाबीन, जवस, शतावरी, गुलकंद, सब्जा, सगळं ओळीनं. खाली 'उष्णता शमेल' लिहिलंस, तेवढं आधी खोड.

पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम फोडतं. गुलकंदानं ते थांबत नाही. पण बायका याला 'उष्णता' म्हणतात आणि पहिले तीळ बंद करतात, नेमके हाडं झिजण्याच्या वर्षांत! मला हे फार खुपतं. पाळी गेल्यावर दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे साधारण दोन भाकऱ्या. सोबत वाटीभर दही, तिळाची चटणी. तिळातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, तरी चटणी राहू दे.

जवस मीही वर्षानुवर्षं सांगत आले. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासानं आशा दाखवली, मोठ्या चाचणीत मात्र जवसाची वडी खाणाऱ्या आणि जवस न घातलेली वडी खाणाऱ्या बायकांत फरक दिसला नाही. पोट साफ व्हायला जवसाची चटणी खाऊ दे, वाफांसाठी म्हणून नको. सोयाबीनचा काहींना थोडा उपयोग होतो. त्यातल्या घटकाचं इक्वॉल, म्हणजे इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य, करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. दोनतीन महिने बघायचं, नाहीतर सोडायचं. शतावरीबद्दल ठामपणे सांगावं इतका पुरावा नाही. ब्लॅक कोहोश या परदेशी वनस्पतीच्या गोळ्या कुणी वाफांसाठी मागवल्या असतील तर यकृताचा त्रास विचार. क्वचित, पण गंभीर इजा झालेली आहे.

मला स्वतःला संध्याकाळचा चहा सोडल्यावर रात्री बरं वाटलं. तो माझा अनुभव, तक्त्यात घालू नकोस.

रात्र रात्र झोप नसेल, तर जवसावर महिने घालवू नकोस, डॉक्टरांकडे पाठव. हार्मोनचे उपचार सगळ्यांना चालत नाहीत, पण वाफांवर त्यांच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी दुर्वांचा रस सुचवायचा नाही. त्याच आठवड्यात तपासणी.

आज त्यांना फोन कर. थायरॉइडची गोळी घेतात का, किती वाजता, ते विचार. सोया आणि कॅल्शियम दोन्ही ती गोळी नीट शोषली जाऊ देत नाहीत, चार तासांचं अंतर हवं. तू सोयाचं दूध सकाळी सातला लिहिलं आहेस.

तुझी,
ताई