मेगा, मायक्रो आणि तीन घरं

हॅम रेडिओच्या संचावर ७.१०० दिसतं, कुणी ७१०० सांगतं, कुणी '४० मीटर' म्हणतं, आणि दहाचे घात पाठ करूनही हे जुळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

घात बाजूला ठेवा. एका ओळीत लिहा: गिगा, मेगा, किलो, मूळ एकक, मिली, मायक्रो, नॅनो, पिको. दर पायरीला हजारपट फरक, म्हणून दशांशचिन्ह तीन घरं सरकतं. कुठल्या बाजूला, इथे सगळे चुकतात. पाणी लिटरऐवजी चमच्यांनी मोजलं तर आकडा फुगणारच. तसंच एकक लहान झालं की आकडा मोठा होतो. ७.१०० मेगाहर्ट्झचे ७१०० किलोहर्ट्झ होतात ते असे.

४० मीटर ही मात्र फ्रिक्वेन्सी नाहीच, ती तरंगलांबी. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर जाते आणि मेगा म्हणजे १० लाख. ३० कोटींना १० लाखांनी भागलं की उरतात ३००. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं: ३०० भागिले ७.१, म्हणजे ४२.२५ मीटर. बँडची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांची, नावं अशी ढोबळच असतात. अर्ध्या लहरीचा डायपोल, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतक्या तारेची अँटेना, मात्र ढोबळ चालत नाही. निम्मे २१ मीटर येतात, पण प्रत्यक्षात तार साधारण ५ टक्के आखूड, २० मीटरच्या आसपास लागते. आधी थोडी लांबच कापा, छाटता येते.

खरी फजिती कपॅसिटरवर होते, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागावर; त्याचं एकक फॅरड. माझी झाली होती. '१०४' छापलेला कपॅसिटर मी १०४ पिकोफॅरडचा समजून ऑसिलेटरमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटमध्ये, डकवला आणि दोन संध्याकाळी सोल्डरिंगला शिव्या घातल्या. त्या छापाचा अर्थ असा: १० लिहा, पुढे ४ शून्यं द्या, एकक पिकोफॅरड. म्हणजे १,००,००० पिको, अर्थात १०० नॅनो किंवा ०.१ मायक्रोफॅरड. जवळजवळ हजारपट चूक! फ्रिक्वेन्सी कपॅसिटरच्या आकड्याच्या वर्गमुळाने उलटी बदलते, त्यामुळे ऑसिलेटर चालला असता तरी ७ मेगाहर्ट्झऐवजी सव्वादोनशे किलोहर्ट्झवर कुठेतरी बसला असता. जुन्या आकृत्यांत 'मायक्रोमायक्रोफॅरड' दिसलं तर घाबरू नका, तो पिकोच.

इंग्रजी खुणांत लहान 'एम' मिली आणि मोठा 'एम' मेगा. दोन्हींत १ अब्जपट अंतर आहे, तेव्हा हस्ताक्षर जपा. रोधावर ४के७ लिहिलेलं असतं ते ४.७ किलोओहम, छपाईत टिंब पुसतं, अक्षर पुसत नाही.

डेसिबलला या ओळीत बसवू नका, ते गुणोत्तर आहे. १० वॉटचे २० केलेत तर ३ डेसिबल वाढतात, आणि एस-मीटरचं, म्हणजे संचावर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्याचं, एक एकक ६ डेसिबलचं. म्हणजे समोरच्याकडे काटा जेमतेम अर्धं एकक हलेल. तेवढ्यासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्यांना मी आधी अँटेना बघायला सांगतो.

आता ०.०१ मायक्रोफॅरडचे नॅनो किती आणि कपॅसिटरवर छाप कोणता असेल, ते काढून इथेच लिहा. चुकलात तर तीन घरं कुठे सरकली ते बघू.