टोनी सोप्रानो आवडतो, मग माझं काही चुकतंय का?

प्रश्न: ताई नमस्कार. 'द सोप्रानोज' ही अमेरिकन माफियावरची मालिका नुकतीच संपवली, सगळे सहा सीझन. यातला टोळीप्रमुख टोनी खून करतो, बायकोला फसवतो, लोकांचे धंदे बुडवतो, आणि तरी एफबीआय मागे लागली की मला आतून वाटायचं हा सुटावा. बायको म्हणते तुला गुंडाचा पुळका आलाय. खरंच माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पुळका येणारच, कारण मालिका सुरूच तिथून होते. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस याने टोनीला पहिल्यांदा दाखवलं ते कुणाला मारताना नाही, मानसोपचारतज्ज्ञाच्या वेटिंग रूममध्ये अवघडून बसलेला. न्यू जर्सीतल्या त्याच्या घराच्या स्विमिंग पूलमध्ये बदकं येतात, पिल्लं होतात, एक दिवस सगळी उडून जातात आणि हा एवढा धिप्पाड माणूस पॅनिक अटॅक येऊन खाली कोसळतो. त्यात आई लिव्हिया अशी की मुलाने काहीही करा, तिचं तोंड वाकडंच, आणि पहिल्या सीझनच्या शेवटाकडे तर तीच त्याच्या काकाच्या मनात असं काही भरवते की टोनीवर गोळ्या झाडल्या जातात. एवढं बघितल्यावर कुणाला वाईट वाटणार नाही? मलाही वाटलं, आणि टोनी साकारणाऱ्या जेम्स गँडोल्फिनीचे ते थकलेले डोळे बघून अजूनही वाटतं.

पण मग 1999 सालचा तो पाचवा एपिसोड आठवा. टोनी मुलीला, मेडोला, कॉलेजं दाखवायला मेन या राज्यात घेऊन जातो, गाडीत ती त्याला सरळ विचारते की तुम्ही माफियात आहात का, आणि तो आढेवेढे घेत का होईना थोडंफार कबूल करतो, बापलेकीचा इतका सुंदर प्रसंग आहे तो. आणि त्याच प्रवासात त्याला एक जुना खबऱ्या दिसतो आणि मुलगी मुलाखतीला गेलेली असताना तो त्या माणसाचा गळा वायरने आवळून जीव घेतो, स्वतःच्या हाताने. मालिका दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीच्या वरच्या लोकांना भीती होती की आता प्रेक्षक याच्यावर थुंकतील. चेसचं म्हणणं होतं की टोनीसारख्या माणसाने खबऱ्याला सोडलं तर प्रेक्षकांचा त्याच्यावर विश्वासच राहणार नाही. चेसचं ऐकलं गेलं आणि प्रेक्षक काही हलले नाहीत. म्हणजे तुम्ही एकटे नाही, तेव्हाही लाखो लोकांचं असंच झालं होतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते हे, की टोनीला प्रेम करता येतं की नाही हा प्रश्नच नाही, करता येतंच. प्रश्न हा की ते प्रेम कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या नाही. तिसऱ्या सीझनमधली ट्रेसी आठवते का, क्लबमध्ये नाचणारी ती विशीतली पोरगी. टोनीने कधीतरी तिला तिच्या मुलाबद्दल सल्ला दिला म्हणून ती घरून त्याच्यासाठी नट ब्रेड करून आणते, आणि तो घेत नाही, म्हणतो असं चालत नाही. पुढे टोनीच्याच टोळीतला राल्फ तिला, ती गरोदर असताना, क्लबच्या मागे मारून मारून ठार करतो. टोनी काय करतो, राल्फला चार ठोसे लगावतो, त्याच्या जगात तेवढं करणंही नियमाबाहेर, आणि मग दोनच एपिसोडनंतर त्याच राल्फला बढती देऊन कॅप्टन करतो कारण तो पैसे चांगले आणतो. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीकडे ट्रेसीचा विषय निघतो तेव्हा ती मुलगी होती हेसुद्धा तो सांगत नाही, कामावरचा एक तरुण मुलगा गेला म्हणतो. आणि चौथ्या सीझनमध्ये तबेल्याला आग लागून त्याची लाडकी घोडी जाते, राल्फनेच इन्शुरन्ससाठी जाळली असं त्याला वाटतं, तेव्हा मात्र तो राल्फला त्याच्याच स्वयंपाकघरात जिवे मारतो.

मुक्या जनावरावर माया आहे हो त्याची, खोटी नाही. जनावर त्याच्याकडे काही मागत नाही, उलट बोलत नाही, बघा ना. पण ट्रेसीसाठी रडायचं तर ज्या धंद्यावर त्याचं घर चालतं तो धंदाच प्रश्नात येतो, आणि तिथे तो कधी जातच नाही. डेव्ही स्कॅटिनोचंही तेच, शाळेपासूनचा मित्र, खेळाच्या सामानाचं दुकान, जुगारात बुडाला आणि टोनीने ते दुकान आतून पोखरून दिवाळखोरीत घातलं. डेव्ही विचारतो, मला खेळू का दिलंस, तर टोनी सांगतो की तुझ्याकडे हे दुकान आहे हे मला माहीत होतं. डेव्हीच्या मुलाची गाडी उचलून मेडोला भेट दिली, ती तिने ओळखली तेव्हाचा तिचा चेहरा आठवा.

तेव्हा आवडू दे टोनी, मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त पुन्हा बघाल तेव्हा ट्रेसी आणि डेव्ही पडद्यावर असताना डोळे टोनीवर न ठेवता त्यांच्यावर ठेवून बघा, बायकोलाही शेजारी बसवा.

प्रश्न: मी समुपदेशनाचा कोर्स करतेय. डॉ. मेल्फीने असल्या पेशंटला इतकी वर्षं ठेवलंच का? आणि शेवटी सोडलं ते बरोबर होतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तिला वाटत होतं की हा बदलू शकतो, आणि मला वाटतं तिला त्याचं आकर्षणही होतं, धोक्याचं असतं तसं. पण तिची खरी उंची तिसऱ्या सीझनमध्ये दिसते, तिच्यावर बलात्कार होतो, गुन्हेगार पोलिसांच्या चुकीमुळे सुटतो, आणि समोर खुर्चीत असा माणूस बसलाय जो एका शब्दावर त्या नराधमाला संपवेल. तो विचारतो, काही सांगायचंय का, आणि ती नाही म्हणते. त्या 'नाही'साठी किती ताकद लागली असेल!

सोडण्याचं म्हणाल तर, अशा गुन्हेगारांना बोलण्याच्या थेरपीने फायदा न होता ते आणखी सफाईदार होतात असं सांगणारा अभ्यास तिच्या हातात येतो, सहकारी जेवणाच्या टेबलवर तिला सगळ्यांसमोर खजील करतात, आणि ती टोनीच्या तोंडावर दार लावते. निर्णय बरोबर, पद्धत चूक, असं माझं मत. त्याच्या मुलाने नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेला असताना त्याने तिच्या वेटिंग रूममधल्या मासिकाचं पान फाडल्याचा राग काढून पेशंटला घालवणं हे मला पटलं नाही. कोर्समध्ये यावर चर्चा घडवून आणा, फार शिकायला मिळेल.

प्रश्न: टोनीची बायको कार्मेला बिचारी अडकलेली होती ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अडकलेली होती, पण बिचारी नाही म्हणणार मी. एक म्हातारे डॉक्टर तिला स्वच्छ सांगतात की मुलांना घेऊन निघून जा, हा पैसा रक्ताचा आहे, आणि स्वतःची फीसुद्धा घेत नाहीत. त्याच एपिसोडच्या शेवटी ती टोनीकडून मेडोच्या कॉलेजला 50 हजार डॉलरची देणगी मिळवते. पुढे टोनीच्या टोळीतल्या एकाची होणारी बायको एड्रियाना गायब होते, ती कुठे गेली हा प्रश्न कार्मेलाला छळत असतो, शोध घ्यायचं तिच्या मनातही येतं. टोनी तिच्या अडकलेल्या बांधकामाची परवानगी काढून देतो, ती पुन्हा घर बांधायच्या कामाला लागते आणि एड्रियानाचा विषय तिथेच थांबतो.