बेळगावहून नागपूरला घरचा कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) पाठवायचाय, दोन दिवस लागतील. डब्यात बर्फ किती घालू?

सुटा बर्फ अजिबात नको. वितळलेलं पाणी डब्यात शिरलं की कुंदा संपला. खरं तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचे दाजी आठवले, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही खानापूर तालुक्यातले, घरी म्हशी. आक्का पुण्याला दिलेली. भाच्याच्या बारशाला आईनं दहा लिटर दूध आटवून कुंदा केला, चांगला तांबूस होईस्तोवर ढवळत बसली, तीनेक किलो भरला असेल. रात्री साडेनऊची ट्रॅव्हल्स, आठ वाजले तरी कढई चुलीवरच, मग काय, कढत कढत स्टीलच्या डब्यात भरला, झाकण दाबून बसवलं, वर फडकं बांधलं आणि मोटारसायकलवरनं बेळगाव गाठलं.

गाडी पहाटे पुण्यात पोचली. दाजी डबा आणायला गेले संध्याकाळी सहाला, ऑफिस सुटल्यावर! एप्रिल महिना, डबा दिवसभर पार्सलवाल्याच्या पत्र्याखाली. उघडला तर आंबूस वास आणि झाकणाला आतनं पाणी. दुसऱ्या दिवशी बारशाच्या पंगतीत, चार माणसांत, दाजी म्हणतात, "सासुरवाडीच्या दुधात पाणी जास्त असतंय वाटतं." आई गप्प बसली. तिनं म्हशीला चारा घालायचा का लोकांचं ऐकून घ्यायचं?

पाणी दुधातलं नव्हतंच ओ, वाफेचं होतं. गरम कुंदा झाकला की वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होऊन परत खाली पडतात. कुंदा टिकतो तो आटवल्यामुळं आणि साखरेमुळं, थेंब पडला तिथली साखर पातळ होते आणि आंबायला तिथनंच सुरुवात. शिवाय साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि मोठा डबा गच्च भरला तर मधला कुंदा कितीतरी तास कोमटच राहतो.

म्हणून आता मी परातीत पातळ पसरतो, फॅनखाली गार करतो, दोन तासांच्या वर बाहेर ठेवत नाही. मग छोट्या चपट्या डब्यांत भरून रात्रभर फ्रिजात. डबे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून थर्मोकोलच्या पेटीत, मेडिकलवाल्याकडं मागितली तर फुकटसुद्धा देतो. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या पाणी गोठवून, त्या वरच्या बाजूला, कारण गार हवा खाली उतरते. बाटली काठोकाठ भरू नका, फुटते. मोकळ्या जागेत पेपरचे बोळे आणि सगळ्या फटींना टेप. पेटी गाडीच्या मागच्या डिकीत टाकू देऊ नका, इंजिनची धग लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घेणारा माणूस गाडी यायच्या आधी स्टँडवर पाहिजे. हे मी आक्काला फोनवर दहा वेळा सांगितलंय, दाजींना ऐकू जाईल अशा आवाजात.

गरम भरला ती चूक माझी, हे कबूल. खरं सकाळी सहाला उचलला असता तर निदान बारशापर्यंत टिकला असता, यावर मी ठाम आहे. गेल्या दिवाळीला असाच पेटीतनं पाठवला, दाजी झक मारत पहाटे पाचला स्टँडवर. खाऊन म्हणाले, "यंदा दूध बरं होतं." म्हैस तीच ओ!

हां, हे सगळं एका रात्रीच्या प्रवासाचं. नागपूरला दोन दिवसांत बाटल्या केव्हाच वितळणार. ड्राय आइस घालतात म्हणे लोक, तो उणे ७८ अंशांचा असतो आणि त्याचा गॅस होतो, हवाबंद पेटीत घातला तर पेटी फुटेल, मी त्या फंदात पडलेलो नाही. बाजारचा खवा घालून केला असेल तर पाठवूच नका. त्यापेक्षा गोकाकचा करदंट पाठवा की, डिंक, गूळ, सुकामेवा, पाण्याचा अंश अगदी कमी, महिनाभर काही होत नाही. कुंदा त्यांना इकडं बोलावून खायला घाला.