भिशी उचलून जंगलात जावं का?

बेळगावच्या टिळकवाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. खासगी रुग्णालयात बिलिंगचं काम, हातात ३१,००० रुपये पगार. घरी १२,००० देतात, पोस्टात ३,००० ची आरडी आहे, ५,००० ची लिलाव भिशी चालू आहे (२० जणांची, सात हप्ते भरून झालेत), स्वतःचा खर्च ८,०००. बचत खात्यात ४०,००० आहेत. पाऊस सरला की दोन रात्री एकटीनं रानात शांत राहायचं आहे. दांडेलीचं पॅकेज आणि भाड्याची गाडी मिळून २५,००० होतात. ते भिशी उचलून काढावेत, क्रेडिट कार्डावर टाकावेत की आरडीचे हप्ते थांबवावेत, असं त्या विचारतात.

ताई, जरूर जा. घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बाईला दोन दिवसांची शांतता लागते, त्यासाठी कुणाची परवानगी नको. फक्त हा बेत ९,००० त बसवा आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ठेवा.

आधी भिशी, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. लिलाव भिशीत जो सगळ्यात जास्त रक्कम सोडायची बोली लावतो, त्याला त्या महिन्याची भिशी मिळते. एक लाखाच्या भिशीत अजून तेरा पाळ्या बाकी असताना उचलायची, तर बोली चढणार. समजा १५,००० सोडून घेतली, तर हाती ८५,००० येतील. सोडलेले १५,००० वीस जणांत वाटले की तुमच्या वाट्याला ७५० परत. म्हणजे १४,२५० रुपये गेले, आणि पुढचे हप्ते भरायचेच आहेत. सहलीनंतर उरलेले ६०,००० साडेसहा टक्क्यांनी वर्षभर ठेवले, तरी व्याज ३,९०० च येतं. २५,००० च्या सहलीपायी दहा हजारांवर नुकसान कशाला? शेवटाकडे बोली उतरत जाते, तोवर थांबलात तर जवळजवळ पूर्ण रक्कम मिळेल. मात्र भिशीची नोंदणी नसेल तर सगळी भिस्त चालवणाऱ्याच्या शब्दावर असते, म्हणून भरलेल्या प्रत्येक हप्त्याची सही वहीत घ्या.

कार्डाचं तर नावच नको. पूर्ण बिल न भरता किमान रक्कम भरली, की बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. २५,००० बाकी राहिले तर महिन्याला साधारण १,०३० रुपये. शिवाय त्यानंतर त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आरडीचा एक हप्ता चुकला तर पोस्ट शंभराला एक रुपया दंड घेतं, म्हणजे तुम्हाला ३० रुपये. हा मार्ग सगळ्यात स्वस्त आहे, पण गरज नसताना नको, कारण पुढच्या महिन्यात आधी चुकलेला हप्ता भरावा लागतो. आरडी मोडायचा विचार तर करूच नका. तीन वर्षांआधी ती मोडता येत नाही, आणि नंतर मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं. बचत खात्यातल्या ४०,००० लाही हात लावू नका. घर, भिशी आणि स्वतःचा खर्च धरून तीन महिन्यांना ७५,००० लागतात, तेवढेही अजून जमलेले नाहीत.

मग पैसे कुठले? हिशेब केलात तर दरमहा ३,००० उरतात. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मिळून ९,००० झाले. तोवर दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरते, जळवाही उरत नाहीत.

दांडेलीच्या पॅकेजचा दर बहुतेक 'माणशी, खोलीत दोघे' असा असतो. एकट्या माणसाला त्यावर जादा आकार पडतो, तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्यापेक्षा खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला घरगुती राहण्याची सोय पाहा. जेवणासह रात्रीला २,५०० धरले तर दोन रात्रींचे ५,००० होतात. शनिवार-रविवारऐवजी रविवार आणि सोमवारची रात्र घ्या, शांतताही जास्त आणि दरही सैल. खोलीचा दर रात्रीला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्केच आहे. कुणी १२ टक्के लावले तर बिलावरचा जीएसटी क्रमांक मागा.

गाडी ठरवू नका. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना, म्हणजे तुम्हालाही, प्रवास फुकट आहे. कर्नाटकातल्या पत्त्याचं मूळ आधार कार्ड जवळ ठेवा आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या. पण चोर्ल्यामार्गे पणजीला जाणाऱ्या गाडीत बसू नका, आंतरराज्य गाडीला ही सवलत नाही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ बेळगावच्या स्टँडवर आधीच विचारा. ती चुकली तर रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. स्थानिक फिरणं आणि वाटाड्या यांना २,०००, किरकोळ १,०००, उरलेले १,००० अडीअडचणीला. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. रानात रेंज जाते, फोनपे अडतं, तेव्हा ३,००० रोख सुट्ट्या नोटांत न्या.

बुकिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करा. आधी फोनवर बोला, तारीख बदलली तर पैसे कसे परत मिळतील ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर पूर्ण पैसे भरून फसलेले अनेक आहेत. तसं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.