दुसरी पेटी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, सोबतचा हिशेबही पाहिला. "काका, खोटं न बोलता ऑनलाइन धंदा होतो का?" असं विचारलंयस. खोटं तुला बोलायचं नाहीये हे मी धरूनच चालतो, नाहीतर विचारायला माझ्याकडे आली नसतीस. राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. मेसेजमध्ये 18 हजार फॉलोअर आहेत, रील किती जणांनी पाहिली ते आहे, जाहिरातीला 60 हजार गेले तेही आहे. पण हापूसच्या 240 पेट्यांपैकी किती पेट्या त्याच माणसाने पुन्हा मागवल्या, याचा कुठे पत्ताच नाही.

अगं, धंदा तिथेच असतो. दुसऱ्या पेटीत.

आता तुझाच हिशेब तुला परत मांडून दाखवतो. दोन डझनांची पेटी तू 1800 ला विकलीस. खोका आणि गवत 90, कुरिअर 250, ऑनलाइन पैसे घ्यायचं कमिशन 36, खराब निघालेल्या फळांची भरपाई सरासरी 100. जाहिरातीचे 60 हजार भागिले 240, म्हणजे पेटीमागे 250. आणि आंब्याची किंमत? तिथे तू शून्य लिहिलंयस! "घरचाच आंबा" म्हणे. बाबांनी तेच फळ वाशीला पाठवलं असतं, तर हमाली, तोलाई, दलाली जाऊन डझनाला 500 हातात पडले असते, हे तूच खाली लिहिलंयस. म्हणजे पेटीत हजार रुपये बाबांचे. राहिले 74. त्याला 240 ने गुण: 17 हजार 760. पहाटे पाचला उठून पेट्या भरल्यास, त्या सबंध हंगामाची ही मजुरी.

घरचा माल फुकट धरायची ही खोड आपल्याकडे फार जुनी आहे. लोणची-पापडवाल्या बायका स्वतःचे हात फुकट धरतात, बागायतदाराची मुलं बाग फुकट धरतात, आणि मग दोन वर्षांनी "ऑनलाइनमध्ये काही राम नाही" म्हणून मोकळे होतात.

पण याच हिशेबात बघ. ज्या गिऱ्हाइकाने आपणहून दुसरी पेटी मागवली, त्याच्यावर जाहिरातीचे 250 पुन्हा खर्च होत नाहीत. त्या पेटीत 74 च्या जागी 324 राहतात. चौपटीहून जास्त! म्हणून म्हणतो, पहिली पेटी जाहिरात विकते, दुसरी आंबा विकतो. तुझ्या त्या जाहिरात एजन्सीचा सगळा खटाटोप पहिल्या पेटीसाठी आहे, कारण त्यांचं बिल पहिल्या पेटीवर निघतं.

त्यांच्या सूचना एकेक करून घेऊ. "फक्त 7 पेट्या शिल्लक" असं दर शुक्रवारी टाकायचं. खळ्यात तेव्हा साठ पेट्या होत्या ना? पुढच्या शुक्रवारी त्याच माणसाला पुन्हा सातच दिसल्या की तो काय समजायचं ते समजतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 फसव्या युक्त्यांची यादीच काढली आहे, आणि खोटी घाई तिच्यात पहिल्या नंबरवर आहे. पण कायदा राहू दे बाजूला. दुसरी पेटी हातची जाते, हे मला जास्त लागतं.

पुढचं, "देवगड" लिहा, कारण लोक तोच शब्द जास्त शोधतात. तुमची बाग रत्नागिरीजवळच्या पावसला! पावसचा आंबा देवगडच्या नावाने विकायची पाळी कोणावर आली आहे? 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, या पाच जिल्ह्यांतल्या फळाला. तुमचं नाव त्यात मुळातच आहे. गाव लिही, बागेचा फोटो टाक, कातळावरची कलमं दिसू देत.

या नावाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे, हे तुला बाबांनी सांगितलं असेलच. माझ्या दुकानात एक भागीदार होता. कर्नाटकचा माल आणायचा, पेटीत मराठी पेपर घालायचा आणि वर देवगडचं लेबल लावायचं, अशी त्याची योजना होती. (तेव्हा पुण्यात गिऱ्हाईक पेटी उघडून आधी आतला पेपर कुठल्या भाषेतला आहे ते बघायचं, म्हणून पेपर मराठी.) मी पाटी लावली, "कर्नाटक हापूस", आणि भाव कमी ठेवला. आंबा गोडच होता, त्या बिचाऱ्या आंब्याचा काय दोष? तोही विकला गेला. भागीदार मात्र गेला, आणि आज त्याची तीन दुकानं आहेत. माझं एकच. वहिनींनी हे तीन-एकचं गणित मला पुष्कळदा ऐकवलंय. मलाही एखाद्या रात्री वाटतं, थोडं सैल सोडलं असतं तर पोरांसाठी आणखी एखादा गाळा झाला असता. पण एप्रिलात माझा फोन वाजतो तो जुन्या घरांचा, आणि आता त्यांच्या सुनांचा. जाहिरातीला मी आजवर दमडी घातलेली नाही. हे स्वतःच्या समाधानासाठी सांगतोय असं वाटत असेल तर वाटू दे, आकडे खोटे नाहीत.

आता "100 टक्के ऑरगॅनिक". हे तू कुठून आणलंस? मोहरावर तुडतुडे आले की बाबा फवारणी करतात, आणि मोहर लवकर यावा म्हणून झाडांना कल्टार हे औषध घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात लपवण्यासारखं काय आहे? फवारणी केव्हा करतो, काढणीच्या किती आधी बंद करतो, हे सरळ लिही. फळ चौदा आणे तयार झाल्यावरच काढतो, नूतन झेल्याने (म्हणजे जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून, उन्हं चढायच्या आत. काढलेलं फळ तापल्या कातळावर ठेवत नाही. कार्बाइडला हात लावत नाही, अढीत पिकवतो. एवढं खरं सांगण्यासारखं असताना उसनं विशेषण कशाला?

आणि साका. त्या कोथरूडच्या बाईंनी कापलेल्या फोडीचा फोटो टाकला, बाठीभोवती पांढरट, फोपशी झालेली. तू ती कॉमेंट उडवलीस! पोरी, हापूसमध्ये साका बाहेरून कळत नाही, आयुष्य बागेत घालवलेल्या माणसालाही नाही. मग हे आधीच सांग ना. "साका निघाला तर कापून फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालू." भरपाईचे 100 रुपये तुझ्या हिशेबात आहेतच, ते याच्यासाठी. तो फोटो तिथेच राहिला असता आणि खाली तुझं उत्तर असतं, तर एजन्सी विकते आहे त्या पाच-तारेवाल्या दोनशे शेऱ्यांपेक्षा त्याने जास्त काम केलं असतं. त्या बाईंना आजच फोन कर. काय बोलायचं ते मला विचारू नकोस.

बाकी उपाय साधे आहेत. पेटीत एक चिठ्ठी घाल: गवतातच ठेवा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये नको, देठापाशी सुरकुती पडली की खा. हिरवा आंबा चिरून "आंबट निघाला" म्हणणारे निम्मे तिथेच गप्प होतील. त्याच चिठ्ठीवर तुझा नंबर, आणि तो सेव्ह करायची विनंती. व्हॉट्सॲपचं साधं ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेला मेसेज, तुझा नंबर सेव्ह असणाऱ्यालाच पोचतं. 240 पेट्यांची नावं एका वहीत उतरव. प्रत्येकापुढे लिही, फळ मोठं आवडतं की मध्यम, कोणाकडे नैवेद्याला अक्षय्य तृतीयेच्या आधीच लागतं, कोणाची तक्रार होती. मोहर फुटला की त्या सगळ्यांना बागेचा एक फोटो पाठव, विकायचं काही नाही, नुसता फोटो. पुढच्या वर्षीचे 60 हजार खर्च करायच्या आधी ही वही संपव. यातले साठ जण जरी परत आले, तरी जाहिरातीचे 15 हजार वाचले.

भाव कमी करू नकोस. शेजारचा 1400 ला देतोय म्हणतेस. त्याचा आंबा कुठला ते त्याला माहीत, तुझ्या हिशेबात 1400 ला पेटीमागे 300 हून जास्त खड्डा पडतो.

जाहिरातीचा नवा मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवू नकोस. बाबांना वाचून दाखव, अंगणात बसवून, मोठ्याने. ज्या ओळीला ते "आपण असं कुठे करतो?" म्हणतील ती काढून टाक. आणि एजन्सीचं राहिलेलं बिल आधी भागव. काम आवडलं नाही म्हणून पैसे अडकवायचे नसतात.

तुझा,
काका