मुलगी लंडनच्या मोर्च्यात जाते म्हणते

प्रश्न : वकीलसाहेब, मुलगी लंडनला एमएस्सी करतेय, वॉल्थमस्टोला राहते. तिथे परदेशी लोकांविरुद्ध कडव्या उजव्यांचे मोर्चे निघतात आणि डावे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहतात. आता हीही मैत्रिणींबरोबर जाणार म्हणते. मला तर दोन्हीकडून गुंडगिरीच दिसते. अडवू का? – एक वडील, खानापूर

उत्तर : अडवू नका. आणि ते ‘दोन्हीकडून’ मला काही पटलं नाही बघा. २०२४च्या जुलैअखेर साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी मुसलमान निर्वासित आहे अशी थाप उठली आणि जमाव मशिदींवर, निर्वासितांच्या हॉटेलांवर चालून गेले. मग पुढच्या ठिकाणांची यादी फिरली, तर तीत इमिग्रेशनच्या वकिलांची ऑफिसं! (हे मला जरा जास्तच लागलं.) ७ ऑगस्टला तुमच्या मुलीच्याच वॉल्थमस्टोत हजारो माणसं रस्त्यावर उतरली. ज्यांना अडवायचं ते फिरकलेच नाहीत.

पूर्वी लंडनच्याच केबल स्ट्रीटला मात्र असं सरळ निभावलं नव्हतं. ४ ऑक्टोबर १९३६. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी मोस्ले, त्याचे काळे शर्टवाले पूर्व लंडनच्या ज्यू वस्तीतून संचलन काढणार होते. कम्युनिस्ट, ज्यू, आयरिश गोदी कामगार आडवे आले. लॉरी उलथून रस्ता बंद केला, पोलिसांच्या घोड्यांच्या टापांखाली गोट्या सोडल्या, बायकांनी वरच्या खिडक्यांतून मुताची भांडी ओतली. संचलन रद्द झालं. पण मारामारी झाली ती मुख्यतः पोलिसांशी. मोस्लेची माणसं लांबच राहिली आणि पकडले गेले ते बहुतेक अडवणारेच. पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटल्या. वर्ष सरायच्या आत सरकारनं कायदा केला. राजकीय गणवेश बंद झाले, हे बरं. पण मोर्चे बंद करायचा अधिकारही त्याच कायद्यात आला आणि त्याचा फटका डाव्यांनाही बसला.

आपल्याकडे सीमाभागात १ नोव्हेंबरला कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन होतो, त्यानंतर पोरं जामिनासाठी येतात, तेव्हा मी दुसरं काय बघतो? दगड एकानं मारलेला, केस मागं उभ्या असलेल्या बीकॉमच्या पोरावर, कारण व्हिडिओत त्याचाच लाल टी-शर्ट उठून दिसतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम १४९, आताच्या भारतीय न्याय संहितेचं १९०: जमावाचा उद्देश बेकायदा ठरला की एकाचं कृत्य सगळ्यांच्या गळ्यात.

तेव्हा मुलीला जाऊ दे, पण मैत्रिणींना सोडून पुढं घुसू नको म्हणावं. तिथे कुठं उभं राहायचं ते पोलीस ठरवून देऊ शकतात. ती अट माहीत असताना, किंवा माहीत असायला हवी असताना, मोडणं हाच गुन्हा. शिक्षा झाली तर व्हिसाही अडचणीत येऊ शकतो. आणि धरलंच, तर ठाण्यात वकिलाचा सल्ला तिथे फुकट मिळतो. तो घेतल्याशिवाय जबाब द्यायचा नाही. एवढं आजच फोन करून सांगा.